बांधलेलं बटण

माझी थोरली नणंद डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर असते. त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण तिथल्या सगळ्याच बायका डावं बटण सायकलच्या ट्यूबने आवळून ठेवत. डावा हात पत्रा सरकवायला मोकळा! सुपरवायझर जवळून जाताना नेमका छताकडे बघायचा.

त्याच मोकळ्या हाताची दोन बोटं वन्संनी गमावली.

दवाखान्यातून घरी आल्या, तोच सुपरवायझर फळं घेऊन हजर. "ताई, घरीच दारात बोटं चिरडली म्हणा. सगळा खर्च आमचा. नाहीतर ट्यूब तुम्हीच बांधली हे निघेल, मग विमा कसला मिळतोय!"

तो गेल्यावर आमचे हे म्हणाले, "ताई, कशाला वाकड्यात शिरतेस?"

"बोटं माझी गेली आणि हातपाय तुझे गळाले होय रे?"

मी अपघात विमा मंडळाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. कामगारामागे हप्ता मालक भरतो. उपचार, बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन, सगळं मंडळ देतं. चूक कुणाची हे बघत नाहीत, कामावर लागलं एवढं पुरतं. मात्र अपघाताची नोंद झाली की मंडळाचा निरीक्षक मशीन तपासतो आणि मालकाचा हप्ता चढतो.

"म्हणून फळं आली," वन्सं म्हणाल्या. "आणि मी घरी लागलं म्हणून सांगितलं, तर मशीन कोण तपासणार? माझ्या जागेवर आता शेजारची मावशी बसते. तिची दहाही जागेवर आहेत अजून."

त्यांनी तक्रार केलीच. तपासणीच्या दिवशी मी सोबत गेले. एकाही मशीनवर ट्यूब नव्हती. "आमच्याकडे असलं चालत नाही, साहेब," सुपरवायझर म्हणाला. बायका खाली बघत उभ्या.

वन्सं पुढे झाल्या. "मी बांधत होते. सगळ्याच बांधतो. त्याशिवाय यांनी ठरवलेला माल निघत नाही. पटत नसेल तर बटणं बघा. उजव्यांचा रंग पार उडालाय, डावी कोरी करकरीत."

निरीक्षक प्रत्येक मशीनपाशी वाकला. मग मावशीच तोंड उघडून बोलली, "खरंय, साहेब." मागोमाग बाकीच्याही.

कामावरचा अपघात अशी नोंद झाली, प्रेसना सील लागलं. सुपरवायझर दारात आडवा आला. "आता कुठल्या तोंडाने कामाला येणार?"

"याच! बोटं गेलीत, तोंड शाबूत आहे."