आपल्या रानाची चूल

चुलीला माती आपल्याच रानातली हवी, दुसऱ्याच्या रानातली आणली की घरात भांडणं लागतात, असं आमच्या गुंजवण्याकडच्या बायका म्हणायच्या. मला हसू यायचं. आपल्या मातीच्या चुलीपुढंसुद्धा आमची रोज जुंपायचीच की!

धरणात रान गेलं, घर गेलं आणि आई, मी, माझी बायको असे आम्ही शिवऱ्याजवळच्या नव्या जागेत आलो. इथली माती काळी. आईनं त्यात शेण आणि भाताचं तूस घालून ती तुडवली, चूल घातली. वाळता वाळता ती उभी चिरली. दुसरी घातली, तीही चिरली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, तिचा स्वभावच तो. पण आईच्या मनानं घेतलं.

"ही जागा आपल्याला धरत न्हाई बग. म्या जाते वेल्ह्याला भनीकडं. तुमी ऱ्हावा हितं."

"घरात गॅस आहे, आई!"

"च्या कर जा त्याच्यावर."

मी जाम भडकलो, आणि आतून घाबरलोही. आई बोलली की करणारी बाई. ती गेली तर ते नुसतं पत्र्याखालचं बिऱ्हाड उरणार होतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तेव्हा जुन्या रानातली माती आणायला दोन रिकामी पोती घेऊन मी तिला गाडीवर बसवलं. मार्गासनीच्या पुढं रस्त्याच्या कडा तांबड्या दिसू लागल्या आणि मागं बसलेली आई जुन्या रानाबद्दल बोलती झाली. मीही तिला शाळेत शिकलेलं सांगितलं: डोंगरातला खडक आणि नव्या जागेचा खडक एकच, काळा, पोटात लोखंड असलेला. पण डोंगरात पाऊस धो धो. तो खडकातलं बाकीचं धुऊन नेतो, लोखंड मागं राहतं आणि हवा लागून गंजतं. बांधावर विसरलेला विळा पावसाळ्यात तांबडा होतो ना, अगदी तसं.

रान सापडलं. बांधाचे दगड होते तिथंच होते. पण माती राखाडी झाली होती, चिकट आणि निर्जीव.

"रंग गेला की रं हिचा," आई म्हणाली. तिनं चिमूटभर माती बोटांत चोळली.

मी म्हणालो, "वर्षानुवर्षं पाण्याखाली होती. हवाच लागली नाही, मग तांबडेपणा टिकणार कसा?"

"शाळा नको शिकवू. भर पोतं."

घरी येऊन तिनं चूल घातली, सावलीत वाळवली. या वेळी एकही भेग पडली नाही. मी खूश! आई मात्र चुलीकडं बघून म्हणाली, "उभी ऱ्हायली, पर मेल्या माणसावानी दिसती." दूध उतू घालून तिनं चूल पेटवली खरी, पण कापडं पिशवीत भरून ठेवली. बाजारच्या दिवशीच्या एसटीनं निघायचं ठरलं. तोवर भाकऱ्या मात्र तिच्याच हातच्या चालू होत्या.

बाजारच्या दिवशी सकाळी मी पिशवी दारात ठेवली. जायच्या आधी शेवटच्या चार भाकऱ्या म्हणून आईनं तवा चढवला आणि जाळ सारायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"अरं, हिकडं ये."

चुलीच्या तोंडाची आतली कड, जिथं रोज जाळ लागत होता, तांबडी झाली होती. गुंजवण्याच्या बांधासारखी लाल. राखाडी मातीतलं लोखंड आगीनं आणि हवेनं पुन्हा तांबडं केलं होतं. हे मला कळत होतं, तरी मी खाली बसून ती कड बघत राहिलो.

आईनं ओल्या बोटानं ती कड पुसली. रंग गेला नाही.

"बये, हायेस व्हय तू!" ती म्हणाली. डोळे पुसले आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी पिशवीकडं पाहिलं.

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "तवा तापलाय."