न कळवता गैरहजर

व्हर्ना गेल्याचं मला शैलाने सांगितलं, आणि तेही दारातच. मी लायब्ररीतून येऊन बूट काढत होतो. ती म्हणाली, "अहो, सिमोनचा फोन होता. व्हर्ना गेली... आज सकाळी." सिमोन म्हणजे व्हर्नाची मुलगी. मी एक बूट हातात घेऊन तसाच जिन्याच्या पायरीवर बसलो. शैला रडायला लागली. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते आज सांगून टाकतो, कारण न सांगणं या एकाच कामात मी फार प्रवीण आहे. मनात आलं, चला, आता ते कुणालाच कळणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. त्याला सहा आठवडे झाले. शैलाला मी हे अजून सांगितलेलं नाही, ती इथेच वाचेल.

व्हर्ना फ्रान्सिस आमच्या कॉव्हेंट्रीतल्या वॉर्डाची कौन्सिलर होती, आपल्याकडच्या भाषेत नगरसेविका. विशीत जमैकाहून आलेली, आयुष्यभर मिडवाइफ. आजूबाजूच्या गल्ल्यांतली निम्मी पोरं जन्मल्या जन्मल्या तिच्या हातात गेलेली, त्यात आमचा निखिलही आला. निवृत्त झाल्यावर ती निवडणुकीला उभी राहिली आणि आमच्या वॉर्डातली पहिली काळी कौन्सिलर झाली. मी कार फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होतो आणि पक्षाच्या वॉर्ड शाखेचा सेक्रेटरी म्हणून अठरा वर्षं मिनिट्स, म्हणजे सभांची इतिवृत्तं, लिहीत होतो. अक्षर मोत्यासारखं, इंग्लिश चोख, पानावर एक खाडाखोड सापडायची नाही! त्याचा मला कोण अभिमान.

मिनिट्सचा पहिला परिच्छेद हजेरीचा असतो. जे आले नाहीत त्यांचे इथे दोन वर्ग. ज्यांनी आधी निरोप पाठवला ते 'कळवून गैरहजर', बाकीचे 'न कळवता'. व्हर्नाच्या आधी कौन्सिलर विलमॉट होते. गोरे, उंचेपुरे, खांद्यावर हात ठेवून बोलणारे. दर तीन मीटिंगांतल्या एकीला त्यांचा पत्ता नसायचा, आणि निरोप पाठवण्याचं त्यांच्या स्वप्नातही येत नसे. मी आपला दर वेळी लिहायचो, 'कळवून गैरहजर'. मला कुणी सांगितलं नव्हतं हो! साहेब कामात असतील, विसरले असतील, एवढ्यासाठी त्यांचं नाव कशाला खराब करायचं... असं म्हणून मीच लिहायचो. फॅक्टरीत फोरमनच्या उशिरा येण्यावर पांघरूण घालायची सवय, तीच इथेही. आणि व्हर्ना आली तेव्हा हाच मी तिला नियम समजावायला गेलो. म्हटलं, येणार नसशील तर आदल्या दिवशी लेखी कळवायचं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "विलमॉट लिहून देत होता?"

"अर्थात," मी म्हटलं. तोंड वर करून खोटं बोललो. तिने मान डोलावली आणि पुढची चार वर्षं इमानाने चिठ्ठ्या पाठवल्या.

आमच्या महाराष्ट्र मंडळातही निराळं काही नव्हतं. गणपतीत विलमॉटना दरवर्षी शाल, श्रीफळ आणि पहिल्या आरतीचं ताट. त्या गृहस्थाला ताट कुठल्या बाजूने ओवाळायचं तेही शेवटपर्यंत कळलं नाही. व्हर्ना निवडून आली त्याच वर्षी कमिटीत विषय निघाला की सत्कारांत फार वेळ जातो, यंदापासून नुसता पुष्पगुच्छ द्यावा. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. खरं कारण कुणी उच्चारलं नाही, उच्चारायची गरजच नव्हती. आपण गोऱ्यांच्या देशात येऊन रंगावरून ऐकून घेतलेली माणसं, आणि घरी आल्यावर मुलीच्या स्थळाची चौकशी करताना 'उजळ आहे ना' म्हणून विचारणारी. व्हर्नाने तो गुच्छ हसत घेतला, मोदक तीन खाल्ले आणि रिकाम्या खुर्च्या उचलायला लागली. शैलाच धावत जाऊन म्हणाली, "अगं, तू पाहुणी आहेस!" मी फोटो काढत होतो.

आता तो दिवस. सोमवार होता, दुपारचे अडीच. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी गौरी नागपूरहून लग्न होऊन बेसिंगस्टोकला आली होती. नवरा तिथे सॉफ्टवेअरमध्ये. तिचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "मामा, मला इथून न्या. आज याने गरम इस्त्री..." पुढे तिला बोलवेना. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "गौरी, थोडं शांत हो, मी त्याच्याशी बोलतो." शैलाने माझ्या हातातून फोन हिसकावला. गाडी मीच चालवायचो, शैलाला येत नव्हती. ती म्हणाली, "निघा." मी म्हटलं, "आज शाखेची मीटिंग आहे. म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद होतंय म्हणून लोक येणार आहेत. मिनिट्स कोण लिहिणार?" हो, हे मी बोललो. खरं सांगायचं तर मिनिट्सची काळजी नव्हती, जावयासमोर उभं राहायची छाती नव्हती. शैलाने सरळ व्हर्नाला फोन लावला.

व्हर्ना पंधरा मिनिटांत दारात. संध्याकाळच्या मीटिंगला तिचं असणं किती गरजेचं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. डे सेंटरसाठी तीच भांडत होती. मी तिला गाडीपाशी गाठलं आणि म्हटलं, "व्हर्ना, एक विनंती आहे. हे कुणाला कळू देऊ नकोस. आमच्या लोकांत फार बभ्रा होतो... नागपूरला ताईच्या कानावर गेलं तर ती हाय खाईल. आणि गौरीला आमच्याकडे नको आणूस, मंडळाची माणसं येत-जात असतात."

ती सीटबेल्ट लावत म्हणाली, "मग माझ्याकडे आणते. आणि काळजी करू नकोस अरविंद, माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही." शैला तिच्या शेजारी बसली आणि दोघी गेल्या.

सात वाजता मी मीटिंगला हजर. डे सेंटरवर येणारे म्हातारे-म्हाताऱ्या कोट घालून दोन रांगा भरून बसले होते, आणि कौन्सिलरचा पत्ता नव्हता. ती कुठे आहे हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. अध्यक्षा डोरीन मला म्हणाल्या, "काही निरोप?" मी 'हो' म्हटलं असतं तर 'काय' हा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "नाही." आणि माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'कौन्सिलर व्ही. फ्रान्सिस, न कळवता गैरहजर'. आजही ते पान उघडलं तर अक्षर तसंच सरळ दिसेल.

गौरी अकरा दिवस व्हर्नाकडे राहिली. पोलीस, वकील, व्हिसा, सगळीकडे व्हर्नाच बरोबर गेली. तिथून गौरी नॉटिंगहॅमला गेली आणि आज हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. आमची अब्रू शाबूत राहिली.

वर्षभराने पुढच्या निवडणुकीचा उमेदवार ठरवायची सभा झाली. डोरीननी माझी मिनिट्स उघडली आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. म्हणाल्या, "वॉर्डाला सगळ्यात जास्त गरज होती त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" व्हर्ना म्हणाली, "एका रहिवाशाबरोबर होते. यापेक्षा जास्त सांगता येणार नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "सोयीचं उत्तर आहे." मग तिचा आवाज चढला. ती म्हणाली, "चार वर्षांत एक मीटिंग चिठ्ठीशिवाय चुकली, माझ्या आधीच्या माणसाला कधी कुणी विचारलं होतं का?" विलमॉट तर टेबलावर मुठी आपटायचे, तेव्हा सगळे म्हणायचे, काय तळमळ आहे! हिचा आवाज एक पट्टी वर गेला तर खोलीत कुजबुज, 'अ‍ॅग्रेसिव्ह', 'चिप ऑन हर शोल्डर', म्हणजे हिला सदा अन्यायच दिसतो. डोरीन पान चाळत म्हणाल्या, "मिस्टर विलमॉट नेहमी कळवत असत. नोंद आहे."

नोंद! माझीच होती ती. व्हर्नाने तेव्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणजे, तू बोलणार आहेस का, एवढंच. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, गौरीचं नावही न घेता बोलता आलं असतं. ती चार मतांनी पडली. त्या चारांत माझं मत नव्हतं, मी तिलाच दिलं होतं... गुप्त मतदान ना, तिथे मी फार शूर असतो.

ती मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. शैलाशी तिची मैत्री शेवटपर्यंत राहिली. ती आजारी पडल्यावर आम्ही भेटायला जायचो. तिच्या त्या शेवटच्या महिन्यांत आमच्या मंडळात घरोघरी अमेरिकेच्या निवडणुकीची चर्चा, त्या काळ्या उमेदवाराचं कौतुक, काय बोलतो, काय वागतो! मी तिच्या उशाशी बसून तेच उत्साहाने सांगत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "आवडतो ना तुम्हाला? तो तुमच्या वॉर्डात उभा नाही, अरविंद." आणि हसली. मला खोकला आला. तेव्हा तरी 'चुकलो' म्हणायचं की नाही? मी तिला पाणी हवं का विचारलं.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सिमोनने जुना सहकारी म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो, कष्टाळू, प्रेमळ, निःस्वार्थी... कुणाच्याही मयताला चालतील असे शब्द. बाहेर आल्यावर गौरी माझ्याजवळ आली. "मामा, सिमोन सांगत होती की आंटीचं तिकीट एका चुकलेल्या मीटिंगमुळे गेलं. कुठली मीटिंग?" मी खिशात गाडीची किल्ली शोधायला लागलो. तिने तारीख विचारली. मग तिचा चेहरा असा काही झाला... "मला वाटत होतं त्यांनी स्वतःहून सोडलं. मी येऊन सांगितलं असतं, मामा. सगळ्यांसमोर, हात दाखवून. लपवायचं तुम्हाला होतं, मला कधीच नव्हतं." एवढं बोलून ती शैलाच्या गळ्यात पडून रडायला लागली. माझ्या जवळून गेली, मला हात लावला नाही.

मग मी हा लेख लिहायला घेतला. पहिलं पान शैलाला दाखवलं. ती म्हणाली, "मराठीत? छान. म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यांच्यातलं कुणी वाचायला नको." तोंडात मारल्यासारखं झालं. गौरीला फोन करून विचारलं, ती म्हणाली, "माझं नाव घेऊन सांगा." गेल्या महिन्याच्या शाखेच्या मीटिंगला गेलो. लायब्ररीच्या वरची तीच खोली, आणि खिडकीलगतच्या खुर्चीवर अजूनही कुणी पटकन बसत नाही, ती व्हर्नाची बसायची जागा. नवीन सेक्रेटरीने विचारलं, मागच्या मिनिट्समध्ये काही दुरुस्ती? मी उठलो आणि पाच वर्षांपूर्वीची दुरुस्ती सांगितली. विलमॉटच्या खोट्या नोंदींपासून गौरीपर्यंत सगळं, इंग्लिशमध्ये, बोलता बोलता आवाज चढला, टेबलावर हातही आपटला. कुणी कुजबुजलं नाही. डोरीन उठून आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती धाडस लागलं असेल, लव्ह. सगळ्यांच्या हातून होतं असं." कुणीतरी चहा आणला, बिस्किटं आणली. पाच मिनिटांत मला माफ करून सगळे पुढच्या विषयाला लागले, गटारांच्या.

त्या मीटिंगची मिनिट्स काल पोस्टाने आली. चौथा मुद्दा असा आहे: 'एका माजी कौन्सिलरच्या अनुपस्थितीबाबत मिस्टर केळकर यांनी खुलासा केला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल सभा त्यांचे आभार मानते.' दोनदा वाचलं. माझं नाव आहे, आभार आहेत. तिचं नाव नाही.

मी पेन घेऊन माझे आभार खोडले आणि वर लिहिलं, व्हर्ना फ्रान्सिस. अक्षर वाकडं आलं, शाई पसरली. सोमवारी पुन्हा मीटिंग आहे. पहिला विषय, दुरुस्त्या.