गाऊनचा घेर

महाडला लग्नाचा गाऊन घेतला, त्या दुकानात गाऊनला टाचण्या लावणारी एक बाई होती. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. मला पांढराच, पण राजकन्येसारखा घेरदार गाऊन हवा होता. घरातली पहिली पदवीधर मी, निवडायला एकटीच गेले.

तोंडात टाचण्या धरूनच तिनं विचारलं, "आय नाय आली गो?"

मी म्हटलं, "तिला यातलं काय कळतंय?"

तिनं टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. "माझी पोरपण हेच बोलली. तिचा गाऊन मी फोटोतच बघितला." आणि परत घेर टाचायला वाकली.

पुन्हा माप द्यायला गेले, तेव्हा तरी आईला न्यायला हवं होतं. नाही नेलं.

लग्नात घेरावर पाय पडेल म्हणून आई दोन हात लांबच उभी राहिली. सगळ्या फोटोंत ती तशीच आहे.