लाल कोट

माझ्या मामेसासऱ्यांच्या घरी चहा पिऊन साक्ष न देता सुटलेला माणूस इंग्लंडातल्या अख्ख्या लेस्टरमध्ये सापडणार नाही. खुनाच्या एका गाजलेल्या खटल्यात मामा ज्यूरीवर बसले आणि निकालानंतर त्यांचं घरच कोर्ट झालं. पोहे खाऊन झाले की ताटल्या उचलत ते विचारत, "शेंगदाणे होते का?" मी होते म्हणायचो, बायको नव्हते म्हणायची, आणि आमच्यापैकी एकाला आता आत जावं लागणार अशा काळजीनं मामा दोघांकडे बघत राहायचे. मंडळाच्या गणपतीत आरती कुणी चुकवली यावरून दोन काकू भांडल्या, तेव्हा मामांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घेतले. शिरा गार झाला. "ठाम बोलतो तो खरा, असं नसतं हो जावईबापू," मला म्हणाले.

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. सगळं पेपरात आलं होतं. एका बाईनं खुनाच्या वेळी रस्त्यापलीकडच्या दिव्याखाली आरोपी पोराला पाहिल्याचं ठासून सांगितलं होतं. एक दुकानदार अडखळत म्हणाला होता की पोरगा तेव्हा त्याच्या दुकानात होता, बहुतेक. पोराला जन्मठेप झाली. ज्यूरीच्या खोलीतलं बाहेर बोलणं गुन्हा, त्यामुळे मामांनी मामींनाही कधी काही सांगितलं नाही. नुसते प्रयोग करत राहिले.

एका डिसेंबरात, चारलाच अंधारलेलं असताना, त्यांनी मला घरासमोरच्या फुटपाथवर शेजारी उभं केलं. पलीकडच्या दिव्याखालून लाल कोटातली बाई गेली.

"कोण?"

"मामी."

"नक्की?"

"शंभर टक्के, मामा!"

चेहरा मला दिसलाच नव्हता. पण कान गारठले होते, आत चहा उकळत होता, आणि ठाम बोललं की लवकर सुटका होते. मामांनीही समाधानानं मान डोलावली.

रस्ता ओलांडून आली ती माझी बायको. प्रयोगांना कंटाळलेल्या मामींनी आपला कोट तिच्या अंगावर चढवून तिला पाठवलं होतं. "अहो, स्वतःची बायको ओळखता येईना?" ती म्हणाली. दारात मामी पोट धरून हसत होत्या. मीही हसलो. मामा मात्र त्या दिव्याकडे बघत उभे राहिले.

'नीट दिसलं नाही' एवढंच मी म्हणायला हवं होतं. खरं तेच होतं.

त्यानंतर मामांनी कुणाची साक्ष काढली नाही. तो पोरगा अजून आतच आहे. परवा पोहे संपवून मी मुद्दाम म्हणालो, "मामा, आज शेंगदाणे नव्हते."

"असतील," मामा म्हणाले. "नसतीलही." आणि ताटली उचलून आत घेऊन गेले.