बुडाशी काळे टोमॅटो

हॉटेलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींवरून इस्त्री फिरवून धाकटी घरी यायची, तेव्हा तिच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे. तरी घरात न शिरता ती आधी बिल्डिंगच्या मागे जायची. तिथे कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीची एक पट्टी होती आणि पट्टीत टोमॅटो. वरून बघितलं तर दृष्ट लागावी असे. फळ उलटं केलं की बूड काळं, चामड्यासारखं, आत दबलेलं.

पट्टी दोघी जावांची. नवरे होते तेव्हा त्यांनी विटांचे तुकडे उपसून केलेली. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी तळमजल्यावर आणि मधल्या जिन्यात अबोला. भांडण कशावरून झालं ते विचारलं तर दोघी वेगवेगळं सांगायच्या. पाण्याचे दिवस मात्र वाटून घेतले होते, एक हिचा, एक तिचा.

सेक्रेटरीने यंदा बजावलं होतं, "गेल्या खेपेला सडका माल, माश्या, वास. परत तसं झालं तर फरशी टाकून स्कूटरी लावू." पहिली स्कूटर कुणाची लागली असती ते सांगायला नको. उघडी माती दिसली की काही लोकांचे हात शिवशिवतात, त्यांतला हा.

म्हणून धाकटीने जंग जंग पछाडलं. कीड समजून फवारणी केली. अशक्तपणा समजून मूठमूठ युरिया टाकला. झाडं अशी माजली की पानांत फळं शोधावी लागली, आणि सापडली ती आधीपेक्षा काळी. वरचीचेही उपाय चालू असावेत, कारण एका सकाळी बुंध्यांशी अंड्यांची टरफलं दिसली.

"आता तवाच आणून ठेवा," धाकटी झाडांना म्हणाली, म्हणजे वरच्या खिडकीला.

शेवटी एक फळ रुमालात बांधून ती रोपवाल्याकडे गेली. त्याने ते नुसतं उलटं करून पाहिलं.

"औषध मारलंत?"

"मारलं."

"युरिया?"

"तोही."

"मग फोडणीच तेवढी राहिली. ताई, हा रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचत नाहीये. मातीत असेलही, पण ते पाण्याबरोबर चढतं. एकदा पूर, मग दुष्काळ, असं केलं की फळाचं बूड उपाशी राहतं. वर युरियाने पानं हावरी होतात, सगळं तीच ओढतात. रोज पाणी द्या, बेताचं. काळी झाली ती तोडा, ती काही सुधारायची नाहीत."

"दुष्काळ कसला? रोज आळीपाळीने पाणी घालतो आम्ही."

"दुसरी पाळी कुणाची, तिला विचारा," म्हणत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तशीच जिना चढून वर गेली. थोरली दाराशी खुर्चीत बसली होती.

"जाऊबाई, तुमच्या दिवशी पाणी घालता, की नुसतं खिडकीतून बघता?"

"आलीस? मला वाटलं जिना विसरलीस."

"विचारलं त्याचं सांगा."

"घालते की. चांगला तासभर पाइप सोडते."

"कधी?"

थोरली खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला गेली, अर्ध्यात थांबली आणि परत बसली. गुडघे सुजून टम्म झाले होते.

"जमेल तेव्हा," ती म्हणाली. "एकदा उतरले की चढताना जीव जातो. मग उतरले आहे तर सोडते भरपूर. पुढचे काही दिवस बघायला नको."

"सांगायचंत ना."

"कुणाला, तुला? पट्टी माझी म्हणून मोकळी झाली असतीस."

खोटं नव्हतं. धाकटीने अगदी तेच म्हटलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त. भांडायचं होतं, पण पायांत त्राण नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली.

"रोज मीच घालते. तुमच्या दिवशीपण."

"आणि मी काय, टाळ्या पिटू?"

"खिडकीतून लक्ष ठेवा. कुठे कोमेजलं तर हाक मारा."

"हाक मारायला तू शिकवणार मला!"

काळी फळं धाकटीने तोडून टाकली. युरिया बंद केला. नंतर लागली ती फळं बुडापर्यंत स्वच्छ निघाली. सेक्रेटरी फरशीचं माप घ्यायला टेप घेऊन आला, वाकून एकेक उलटं करत राहिला. मनासारखं काही सापडेना, तेव्हा त्याने दोन टोमॅटो तोडून हातात घेतले.

"ठेव खाली!" वरून आवाज आला. "फरशी हवी होती ना? तीच खा!"

तो टेप गुंडाळत निघून गेला. जमीन वाचली आणि धाकटीच्या गळ्यात पडली, कायमची. सुट्टी नाही, आजारपण नाही, लॉन्ड्रीत जादा चादरी आल्या तरी सबब नाही.

"अगं, कोपऱ्यातलं कोरडं राहिलंय!"

"दिसतंय!"

"दिसतंय तर घाल की!"

धाकटीने एक हात कमरेवर दाबला आणि बादली परत नळाखाली लावली.