खालाकडच्या खोट्या नोटा

आटपाडीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा घरचे सगळे साताऱ्यात आणि मी भाड्याच्या खोलीत एकटी. शनिवारच्या बाजारात फिरणं एवढाच विरंगुळा. तिथे एक म्हातारी खेळण्यांचं पाल मांडायची. सगळा बाजार तिला खाला म्हणायचा, मीही म्हणू लागले. चुरणाच्या पुड्यांबरोबर ती खोट्या नोटा ठेवायची. 'मनोरंजन बँके'च्या, राजमुद्रेच्या जागी हत्ती छापलेल्या. गंमत म्हणून एक घेतली आणि नादच लागला.

"बाई, ही बगा, नवी आलीया. हिच्यावर मोर हाय," म्हणत ती माझ्यासाठी जपून ठेवलेली नोट पोत्याखालून काढायची.

धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिकाही तिने नोटेसारखीच छापून घेतली. सहीच्या जागी स्वतःचा अंगठा आणि वर वचन : 'धारकास पोटभर जेवू घालीन.' नेमकी मला निवडणुकीची ड्युटी लागली आणि लग्न चुकलं. पुढच्या शनिवारी तोंड पाडूनच गेले. तिने ती पत्रिकेची नोट मागितली, उलटसुलट केली.

"वचन म्हंजी वचन," म्हणाली आणि भर बाजारात पालावर ताडपत्री ओढून मला घरी घेऊन गेली. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा. "आवं, खावा की. लाजताय कशाला?"

पुढे साताऱ्याची बदली मिळाली. त्या बदलीसाठी मी किती अर्ज केले होते! आता खोट्या नोटा ऑनलाइन मागवते, कुरियरने येतात : अंटार्क्टिकाच्या, चंद्रावरच्या, चकचकीत प्लॅस्टिकच्या. पण नवी नोट आली की दाखवावीशी वाटते ती त्या एकीलाच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आटपाडीला गेले. खालाच्या जागेवर मोबाईलची कव्हरं लटकत होती.

"ती व्हय? लेकीकडं गेली, विजापूरला," दुकानदार म्हणाला. "डोळ्यानं दिसत न्हाई आता तिला." त्यानेच नंबर लावून दिला.

"कोण, बाई?" आवाज तोच. "आवं, हितं समदी कानडी बोलत्यात. लय आठवण येती बगा. कुठनं बोलताय?"

"तुमच्या जागेवरनं, खाला."

ती हळूच म्हणाली, "बाजार भरलाय का? काय काय आलंय, सांगा की वाईच."

मी सांगू लागले. डाळिंबांचे ढीग, घोंगड्यांवाले, पलीकडे मेंढरांचा कालवा. जरा थांबले की ती विचारायची, "म्होरं?"

आणि मी फोन कानाला धरून पुढे चालत राहिले.