सुकलाल देऊन दगाभाऊ आणायचा?

मंडळी, सभेत कुणी ऐकत नाही, म्हणून कर्णधार असून क्लबच्या फळ्यावर लिहितोय.

नवापूरशी सामना आठ दिवसांवर आलाय. अध्यक्षांना धुळ्याचा नामांकित गोलंदाज दगाभाऊ हवाय. बदल्यात म्हसावदहून सायकलने येणारा आपला गोलंदाज सुकलाल धुळ्याला द्यायचा. वर दगाभाऊंना रोज दोन शेर दूध आणि सेकंड क्लासचं तिकीट.

आज दगाभाऊ आले. चार चेंडू टाकले आणि खांदा धरून बसले. अध्यक्ष म्हणाले, "अनुभव बघा." सुकलाल त्यांचा खांदा चोळत होता.

शेवटी दगाभाऊच बोलले, "मन्हा खांदा आते ऱ्हायना नही. याले सोडशात तर पस्तावशात."

तरी अध्यक्षांनी उद्या मतदान ठेवलंय. तुमचा हात कुणासाठी वर होणार?